पिंपाची तहान

मुलांनो, घरी नवा माठ आणला की तुमची आई काय करते? लगेच पाणी भरून सगळ्यांना प्यायला देते का? छे! आधी तो पाण्यात बुडवून ठेवते. मग दोन-तीन दिवस नुसतं पाणी भरायचं आणि ओतून द्यायचं. नवा पाटा-वरवंटा आणला तर त्यावर आधी जाडं मीठ नाहीतर तांदूळ वाटून टाकून देतात. तसं केलं नाही, तर पहिल्याच चटणीत दाताखाली कचकच! भांडं बाजारातून आणलं म्हणजे लगेच कामाला लागलं, असं होत नाही.

आज मी तुम्हाला अशाच एका नव्या भांड्याची, म्हणजे खरं तर पाच भांड्यांची हकिगत सांगणार आहे. ती आहेत इटली देशातली. आणि त्यातलं एक मी जवळजवळ बिघडवलं होतं, तेही सांगणार आहे. लपवून काय उपयोग?

माझी थोरली बहीण उत्तर इटलीत मोडेना शहराजवळच्या एका खेड्यात राहते. भाऊजी तिथं यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहेत. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी ताईकडे गेले. खेड्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला विमानाचं तिकीट म्हणजे काही थट्टा नव्हे, तीन वर्षं पैसे साठवत होते. माझा भाचा चौथीत आहे. इटालियन भाषा तो तिथल्या पोरांसारखी फडाफड बोलतो. महिनाभर तोच माझा दुभाषा.

इटलीचा नकाशा उंच बुटासारखा दिसतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या बुटाच्या वरच्या, रुंद भागात पो नावाच्या नदीचं सपाट खोरं आहे. मोडेना तिथंच. शहरातून एक सरळसोट रस्ता जातो. तो रोमन लोकांनी ख्रिस्तपूर्व १८७ मध्ये बांधायला घेतला होता, आणि त्याच्यावरून आजही मोटारी धावताहेत! गावात इ.स. १०९९ मध्ये पाया घातलेलं एक भव्य चर्च आहे आणि त्याला लागून ८६ मीटर उंचीचा पांढरा मनोरा. भाच्याला मात्र मनोऱ्यात रस नाही. त्याच्या दृष्टीनं मोडेना म्हणजे फेरारी. ती लाल शर्यतीची मोटार इथून जवळच, मारानेल्लो गावात तयार होते. रस्त्यानं एक जरी गेली तरी हा पठ्ठ्या नुसत्या आवाजावरून ओळखतो.

ताईचं खेडं मात्र शांत. आजूबाजूला द्राक्षांचे मळे आणि चेरीच्या बागा. मेच्या शेवटी चेरी पिकते तेव्हा तिथली पोरं आपल्याकडच्या जांभळाच्या दिवसांसारखीच दिसतात. तोंडं रंगलेली, सदरे डागाळलेले.

ताईच्या शेजारी एक आजी राहतात. इटालियनमध्ये आजीला ‘नोन्ना’ म्हणतात. नोन्ना ७८ वर्षांच्या, काटक, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मी आले त्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हाताला धरून आपल्या घराच्या माळ्यावर नेलं. जिन्यातच एक वास नाकात शिरला. आंबट, गोड, जुन्या लाकडाचा. आपल्या गुऱ्हाळात काकवी उकळताना येतो ना, त्याची आठवण झाली. वर गेले तर कौलाखाली लाकडी पिंपांची रांग आडवी मांडलेली. पहिलं मोठं, दुसरं त्याहून लहान, तिसरं त्याहून लहान. शाळेत उंचीनुसार उभ्या केलेल्या मुलांसारखी! प्रत्येक पिंपाच्या पोटावर वरच्या बाजूला एक चौकोनी भोक आणि त्यावर पांढरं फडकं.

पिंपांत काय होतं, सांगा पाहू? शिरका. म्हणजे व्हिनेगर. पण आपण चायनीज पदार्थांवर घालतो ते पांढरं पाणी नव्हे हं! मोडेनाचा शिरका द्राक्षांच्या रसापासून करतात, आणि त्यात द्राक्षांच्या रसाखेरीज काही म्हणजे काही घालत नाहीत. रस उघड्या भांड्यात कित्येक तास मंद आचेवर आटवायचा, अगदी आपल्या काकवीसारखा. मग तो पिंपात घालायचा. आणि मग वाट पाहायची.

किती दिवस? दिवस नाही, वर्षं. कमीत कमी १२ वर्षं! आणि त्याहून जुना, मानाचा शिरका हवा असेल तर २५ वर्षं.

उन्हाळ्यात माळा तापतो, हिवाळ्यात गारठतो. पिंपातलं पाणी लाकडातून आणि त्या भोकातून हळूहळू उडून जातं, आणि राहिलेला शिरका दाट होत जातो. मग वर्षातून एकदा, सहसा थंडीत, सगळ्यांत लहान पिंपातून थोडासा शिरका काढतात. ती जागा त्याच्या शेजारच्या पिंपातून भरायची, त्याची त्याच्या शेजारच्यातून, असं करत करत सगळ्यांत मोठ्या पिंपात नवा रस घालायचा. म्हणजे मोठ्या पिंपातला रस पुढच्या-पुढच्या वर्गात चढत जातो म्हणा ना. आणि नापास कुणीच होत नाही!

हे काम फार जुनं. इ.स. १०४६ मध्ये तिसरा हेन्री नावाचा सम्राट या भागातून चालला होता. त्यानं बोनिफाचो नावाच्या सरदाराकडे मुद्दाम इथला नामांकित शिरका मागितला, असं दोनिझोने नावाच्या साधूनं लिहून ठेवलंय. सम्राटानं काय मागावं? सोनं नाही, घोडे नाहीत, शिरका!

नोन्नांनी मला चमच्यात चार थेंब दिले. रंग काळाभोर. जिभेवर ठेवले आणि मला एकदम आमची चिंचगुळाची आमटी आठवली. आधी आंबट, मग गोड, मग पुन्हा आंबट. ताईनं आधीच बजावलं होतं, “दुसरा चमचा मागू नकोस हं. १०० मिलिलिटरची एवढीशी बाटली असते आणि तिची किंमत ऐकलीस तर चक्कर येईल.” दुकानात त्याच धर्तीचा स्वस्त शिरकाही मिळतो. पण त्यात साधं व्हिनेगर मिसळलेलं असतं आणि तो दोन-तीन महिन्यांतही तयार होतो. नोन्नांसमोर त्याचं नाव काढायचं नाही.

माळ्यावरची ती पिंपं नोन्नांच्या आजोबांनी नोन्ना जन्मल्या त्या वर्षी मांडली होती. मोडेनाकडची रीतच आहे ही. घरात मुलगी झाली की तिच्या नावानं पिंपांची एक रांग सुरू करायची. मुलगी मोठी होते तसा शिरका मोठा होतो, आणि लग्न झालं की पिंपं तिच्याबरोबर जातात. म्हणजे हुंडाच की, असं म्हणून मी कपाळाला आठ्या घातल्या. भाच्यानं ते भाषांतर करून सांगितलं, तेव्हा नोन्ना ताडकन म्हणाल्या, “पिंपं नवऱ्याला नाही दिली कुणी. ती माझी होती, माझीच आहेत.”

तर आता खरी गोष्ट. मार्च महिन्यात नोन्नांच्या मुलाला मुलगी झाली होती. तिच्या नावाची पाच नवी पिंपं मी तिथं असतानाच टेम्पोतून आली. ओक, चेस्टनट, चेरी, तुती आणि ज्युनिपर अशा पाच झाडांच्या लाकडांची. तुती म्हणजे रेशमाचे किडे जिचा पाला खातात तीच. प्रत्येक लाकूड शिरक्याला आपला वेगळा वास देतं. मोठं पिंप साधारण ६० लिटरचं, सगळ्यांत लहान १५ लिटरचं. ते लहानगं तर मी एकटीनं कडेवर घेऊन आत नेलं.

पिंप कसं बनवतात ते नीट पाहून घ्या. त्यात एक खिळा नसतो की डिंकाचा एक थेंब नसतो. नुसत्या फळ्या. मध्ये रुंद आणि टोकांना निमुळत्या. पाणी लावून, विस्तवावर तापवून वाकवलेल्या. त्या गोलाकार उभ्या करायच्या आणि वरून लोखंडी पट्ट्या ठोकून बसवायच्या. पिंपाचं पोट फुगीर असतं, म्हणून पट्टी टोकाकडून पोटाकडे ठोकत नेली की फळ्या जास्त-जास्त आवळल्या जातात. शिवाय पोट फुगीर असल्यामुळे भरलेलं पिंप गडगडवत नेता येतं आणि हवं तिकडे वळवताही येतं. आल्प्स पर्वताच्या आसपासचे लोक कडी घातलेल्या लाकडी भांड्यांत वाइन ठेवतात, असं प्लिनी नावाच्या रोमन पंडितानं पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे. दोन हजार वर्षं होत आली, युक्ती तीच.

नोन्नांनी पहिल्याच दिवशी लहान पिंपात तांब्याभर गरम पाणी ओतलं. आणि काय! फळ्यांच्या फटींतून पाणी टपटप गळायला लागलं. एवढ्या लांबून, एवढ्या किमतीला आणलेलं पिंप गळकं? मी भाच्याला म्हटलं, “विचार रे त्यांना, मेण आहे का घरात? नाहीतर लांबी भरू या.” भाच्यानं विचारलं. नोन्ना माझ्याकडे पाहून हसल्या आणि एकच शब्द बोलल्या. भाच्यानं सांगितलं, “मावशी, त्या म्हणतात, तहान. त्याला तहान लागलीय.”

आणि मुलांनो, मला माझीच लाज वाटली. कारण मी कोण? सुताराची नात! आमचे आजोबा बैलगाडीची चाकं करायचे. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड वाळायचं, आकसायचं, आरे खुळखुळायला लागायचे, लोखंडी धाव सैल व्हायची. तेव्हा गावातले शेतकरी गाडी नदीत नेऊन उभी करायचे. रात्रभर चाकं पाण्यात. सकाळी पाहावं तर चाक कसं घट्ट! आम्ही पोरं पाण्यातल्या त्या गाडीवर बसून पाय हलवायचो. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी मेण मागत होते.

लाकूड म्हणजे बारीक-बारीक नळ्यांची जुडी, असं समजा. पाणी त्या नळ्यांच्या भिंतींत शिरतं आणि त्या जाड होतात. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ मुळीच नाही. फळ्या फुगल्या की एकमेकींना रेटायला लागतात. बाहेर पळायला तर जागा नाही, कारण भोवती लोखंडी पट्टी. मग फटी आपोआप मिटतात. मेण भरलं असतं, तर लाकडानं पाणी प्यायलंच नसतं आणि शिरक्याला जन्मभर मेणाचा वास लागला असता.

नोन्ना घाई करत नव्हत्या. थोडं गरम पाणी ओतायचं, पिंप आडवं करून गडगडवायचं, उभं करायचं, उलटं करायचं, पुन्हा थोडं पाणी. दुसऱ्या दिवशी गळती निम्म्यावर आली. तिसऱ्या दिवशी नुसता ओलावा. चौथ्या दिवशी पिंप काठोकाठ भरून ठेवलं आणि खाली पसरलेला कागद कोरडाच राहिला. भाच्यानं टाळ्या वाजवल्या.

मग मिठाची पाळी. उकळत्या पाण्यात मीठ घालून ते पिंपात ओतलं. दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं तर कोऱ्या चहासारखं तपकिरी! बोट बुडवून चाखलं, जीभ आखडून गेली. हिरडा चाखलाय कधी? तसाच तुरटपणा. नव्या लाकडात, त्यातून ओक आणि चेस्टनटमध्ये, हा तुरटपणा भरपूर असतो. तो आधी काढला नाही, तर सगळा शिरक्यात उतरेल.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. नंतर शुक्रवारी नोन्ना तीन दिवसांसाठी मुलाकडे, नातीला बघायला गेल्या. जाताना सांगून गेल्या, “पिंपं तेवढी रिकामी करून विसळून ठेवा.” आम्ही विसळली. आणि मी, शहाणी, काय केलं? लोणच्याची बरणी धुतली की आपण ती कडक उन्हात वाळवतो. थेंबभर पाणी राहिलं की लोणचं नासलंच, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. म्हणून सगळ्यांत लहान पिंप मी अंगणात, फरशीवर, भर उन्हात पालथं घातलं. बाकीची जड होती म्हणून छपरीतच राहिली. तेच बरं झालं! तीन दिवस ऊन आणि कोरडा वारा.

सोमवारी सकाळी भाचा ओरडत आला, “मावशी, पट्टी हलतेय!” जाऊन बघते तर वरची पट्टी हातानं फिरत होती. पिंप उचललं आणि ती खळ्‌कन निसटून फरशीवर पडली. फळ्यांच्या मधून पलीकडचं ऊन दिसत होतं.

माझ्या पोटात गोळा आला. हे साधं भांडं नव्हतं हो! वर्षानुवर्षं मुरलेला शिरका ज्यातून काढायचा ते हेच पिंप, सगळ्यांत मानाचं. तान्ह्या बाळाच्या नावाचं. आणि मी त्याचा पार खुळखुळा करून ठेवला होता. भाचा म्हणाला, “आपण गुपचूप भरून ठेवू या, सांगायचंच नाही.” मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू? पण वर्गात तुम्हाला खडूचा तुकडा मोडला तरी सांगा म्हणणारी मी! नोन्ना दारात आल्या तेव्हा पट्टी हातात घेऊनच उभी राहिले.

त्या काही बोलल्या नाहीत. शेजारी बसल्या, बोटानं प्रत्येक फट चाचपली. मग घरातून हातोडी आणि एक लाकडी ठोकळा आणून माझ्या हातात दिला. म्हणजे दुरुस्ती मीच करायची! ठोकळा पट्टीवर ठेवायचा आणि त्यावर हातोडी मारायची. एकदा इथं, मग बरोबर समोरच्या बाजूला, मग मधल्या दोन्ही बाजूंना. एकाच जागी मारलं की पट्टी तिरकी जाते. आजोबांना चाकावर धाव बसवताना मी कितीदा पाहिलं होतं! गोवऱ्यांच्या जाळात धाव लालबुंद करायची, पळत आणून चाकावर ठेवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्रर्र! वाफेचे लोट! लोखंड गार होऊन आकसलं की चाक कायमचं आवळलं जायचं. त्या वेळी मुलींना हातोडी कुणी देत नसे. पहिली हातोडी मला मिळाली ती अशी, सातासमुद्रापार. एक घाव ठोकळ्यावरून घसरून थेट पट्टीवर बसला तो भाग वेगळा.

पट्ट्या बसल्यावर बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं आणि पुन्हा पहिल्यापासून, तांब्या-तांब्यानं पाणी. ती रात्र मी आणि भाच्यानं आळीपाळीनं जागून काढली. दर तासाला पाणी घालायचं, पिंप फिरवायचं. पहाटेपर्यंत टपटप चालूच होती. “नाही झालं तर?” भाच्यानं विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. फळ्या उन्हात तडकल्या असत्या, तर पाण्यानं त्या काही सांधणार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टपटप थांबली. नोन्नांनी पिंपाच्या पोटावर बोटांनी टकटक केलं, कान लावला, आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. अशी, की मी पुढे झुकले!

त्यानंतर पाचही पिंपांत उकळता शिरका ओतला. हा साधा, द्राक्षांच्या वाइनचा. वाफेनं डोळ्यांत असं पाणी आलं की कांदा परवडला. तो तसाच आत काही महिने ठेवायचा, म्हणजे लाकडाला आंबटाची सवय होते. शरद ऋतूत तो काढून टाकून आटवलेला रस भरायचा, आणि त्यात नोन्नांच्या जुन्या पिंपांतला थोडा शिरका, दह्याला विरजण लावतात तसा.

मी जूनमध्ये परत आले. शाळा सुरू झाली. आमच्या वर्गात मोडक्या बाकाची एक फळी होती. तिचा १० सेंटिमीटर रुंदीचा तुकडा कापून आम्ही बादलीत बुडवून ठेवला. रोज एक मुलगा पट्टीनं मोजायचा आणि फळ्यावर लिहायचा. पाचव्या दिवशी रुंदी ३ मिलिमीटरनं वाढली होती, लांबी होती तेवढीच. तुम्हीही करून पाहा. फक्त कुणाच्या खाटेची फळी घेऊ नका, नाहीतर माझं नाव सांगाल!

मग एकानं गणित घातलं. बाळाचा शिरका १२ वर्षांनी निघेल, तेव्हा बाळ सातवीत असेल. नोन्ना ९० वर्षांच्या असतील. आणि २५ वर्षांचा निघेल तेव्हा? वर्ग थोडा वेळ बोटं मोजत राहिला. “बाई, १०३!” मागच्या बाकावरून आवाज आला. मग एक मुलगी म्हणाली, “म्हणजे त्यांना तो खायला नाही मिळणार?” मी तोच प्रश्न ताईकडून फोनवर नोन्नांना विचारून घेतला. उत्तर आलं, “मी माझ्या आजोबांचा खातेय ना!”

नोव्हेंबरमध्ये ताईनं फोटो पाठवला. माळ्यावर कौलाखाली जुन्या रांगेशेजारी पाच पिंपांची नवी रांग, प्रत्येकावर पांढरं फडकं, आणि नोन्नांच्या कडेवर टोपडं घातलेलं बाळ. फोटो मोठा करून पाहिला तर सगळ्यांत लहान पिंपाच्या वरच्या पट्टीवर एक पोचा दिसतो. तो माझ्या हातोडीचा.